भंगारात जाणारे जुने रंधे वाचवता येतील

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खान्देशातील आठवडे बाजारांत आणि तालुक्याच्या गावांतील भंगाराच्या दुकानांत अलीकडे सुतारांची जुनी हत्यारे मोठ्या प्रमाणावर दिसू लागली आहेत. वडील किंवा आजोबा गेले, मुलगा नाशिकला, पुण्याला नाहीतर सुरतेला कामाला लागला, घर पाडायला काढले तेव्हा माळ्यावरची पेटी खाली आली आणि तिच्यातले रंधे, पटाश्या, गिरमिटे किलोच्या भावाने गेली, असा हा सरळ क्रम आहे. त्यांपैकी लोखंडी रंध्यांविषयी, म्हणजे लाकडाचा पृष्ठभाग सोलून साफ करणाऱ्या हत्याराविषयी, मला या पत्रातून लिहायचे आहे. गंजलेला, मूठ तुटलेला, धार पार गेलेला लोखंडी रंधाही बहुतेक वेळा पुन्हा पूर्ण कामाला येतो. तरीही तो एकतर भट्टीत वितळतो, नाहीतर हौसेने विकत घेणाऱ्याच्या हातून चुकीच्या साफसफाईत कायमचा बाद होतो. मी एका तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालो आहे आणि ही दुसरी हानी मला पहिलीपेक्षा अधिक लागते, कारण ती थोड्याशा माहितीने टळण्यासारखी आहे.

आपल्याकडे मिळणारे लोखंडी रंधे दिसायला निरनिराळे असले तरी त्यांची रचना जवळपास एकच आहे. अमेरिकेतील लिओनार्ड बेली या कारागिराची रंध्याविषयीची पेटंटे स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली आणि पुढे इंग्लंडच्या शेफील्डमध्ये बनणारे रेकॉर्डचे रंधे असोत किंवा आपल्या देशात बनलेले अनंतचे असोत, सर्वांनी तीच रचना उचलली. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे अंग, त्यावर पंचेचाळीस अंशांत उतरती बसवलेली बैठक, बैठकीवर पाते, पात्यावर स्क्रूने आवळलेली दुसरी पट्टी, या दोन्हींना दाबून धरणारी कळीची दाबपट्टी आणि पाते खालीवर करणारे पितळी चाक, इतकाच हा संसार आहे. चार नंबरचा रंधा सुमारे नऊ इंच लांबीचा आणि साफीच्या कामाचा, पाच नंबरचा, जाड काप घेण्याचा जॅक रंधा चौदा इंची. दोघांचेही पाते दोन इंच रुंद. रचना इतकी स्थिर राहिल्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रंध्यालाही आज बाजारात मिळणारे दोन इंची पाते थोड्याफार जुळवणीने बसते. फारच थोड्या यंत्रांविषयी असे म्हणता येईल.

लोखंडी रंधा येण्याआधी आणि आल्यानंतरही पुष्कळ वर्षे आमच्या भागातील सुतार लाकडी रंधे स्वतः घडवीत असत. त्यासाठी शिसव, बाभूळ आणि सातपुड्याच्या पायथ्याला व धुळ्याकडच्या कोरड्या रानात मिळणारा अंजन ही जड, चिवट लाकडे वापरली जात. त्या रंध्यांची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, त्यात लाकूड आकसते आणि पाते धरून ठेवणारी पाचर सैल होते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून पाचर निघत नाही. लोखंडी रंध्याला ही अडचण नाही. त्याचे शत्रू दोनच, गंज आणि आपटणे.

आपटणे आधी पाहावे, कारण त्यावर इलाज जवळपास नाही. रंध्याचे अंग बिडाचे असते आणि बीड वाकत नाही, तडकते. म्हणून जुना रंधा विकत घेताना पाते व बाकीचे भाग काढून नुसते अंग हातात घ्यावे, पाते बाहेर येते त्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी आणि बाजूच्या उभ्या भिंतींवर केसासारखी रेघ आहे का ते उजेडात निरखून पाहावे, आणि अंग एका बोटावर तोलून हलकेच ठोकावे. सलग अंग खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. बीड जोडण्यासाठी निकेलच्या कांड्या वापरून, अंग आधी सावकाश तापवून आणि नंतर सावकाश थंड करून वेल्डिंग करावे लागते, आणि इतके करूनही तळ वाकण्याची भीती राहते. तडा असलेला रंधा घ्यायचाच असेल तर सुट्या भागांसाठी घ्यावा. पात्याची खाच संपते तिथपासून धारेपर्यंत किमान इंचभर लांबी शिल्लक असावी. मुठी तुटलेल्या असल्या तर त्याची काळजी करू नये. शिसवाच्या तुकड्यातून नवी मूठ घडवणे हे कोणत्याही सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि तुटलेली मूठ स्वच्छ भेगेवर चांगल्या एपॉक्सीने जोडली तर वर्षानुवर्षे टिकते.

रंधा खोलताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पितळी चाकाचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस गंजून बसलेले चाक सोडवायला पकड लावतो, नेहमीच्या दिशेने जोर देतो आणि ते सुटण्याऐवजी अधिकच आवळत जाऊन शेवटी आटे मोडतात. दुसरे असे की या रंध्यांच्या मुठींच्या दांड्यांचे आटे बाजारातल्या साध्या नट-बोल्टशी जुळत नाहीत. म्हणून गंजलेला बोल्टसुद्धा फेकू नये, रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवावा आणि सकाळी स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल अशाच रुंदीच्या पेचकसाने सोडवावा.

आता गंजाविषयी. इथेच सर्वाधिक रंधे बिघडतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडे गंज म्हटले की पहिला हात न्हाणीघर धुण्याच्या ॲसिडकडे जातो. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते, बिडाच्या बारीक छिद्रांत शिरून बसते आणि धुऊन वाळवलेला रंधा आठवड्याभरात पुन्हा तांबडा होतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या वाफेने त्याच खोलीतील बाकीची धड हत्यारेही गंजतात. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, हे काम सौम्यपणे आणि स्वस्तात करते. एक लिटर पाण्यात सुमारे पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे, पितळी भाग व लाकडी मुठी आधी वेगळ्या काढाव्यात आणि लोखंडी भाग त्यात बुडवावेत. काही तासांनी बाहेर काढून ब्रशने घासावेत, गरज वाटल्यास पुन्हा बुडवावेत, पण विसरून दिवसच्या दिवस ठेवू नयेत, कारण मग बिडाचा पृष्ठभाग खाल्ला जाऊन काळपट व खरखरीत होतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत आणि लगेच वाळवावेत. आम्लातून निघालेले कोरे लोखंड उघड्या हवेत काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ लागते. या बाबतीत खान्देशचे ऊन उपयोगी पडते: चैत्र-वैशाखात पत्र्यावर ठेवलेला भाग धुण्याचे पाणी उडून जाईपर्यंत चांगलाच तापतो, आणि तो कोमट असतानाच तेलाचा हात फिरवला की काम पक्के होते. पावसाळ्यात हे काम काढूच नये असे मी सांगेन.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज काढण्याची पद्धतही चांगली आहे, कारण तिच्यात चांगले लोखंड झिजत नाही. परंतु त्यात दुसरे टोक म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताटली कधीही लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. साध्या लोखंडाचा तुकडा लावावा, आणि हे काम बंद खोलीत करू नये, कारण निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो.

गंजाखालोखाल नुकसान करते ते ग्राइंडर. पात्याचे पोलाद उच्च कार्बनचे असते आणि त्याला कारखान्यात पाणी देऊन कडक केलेले आणि मग नेमक्या उष्णतेपर्यंत पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेला असतो. ग्राइंडरच्या चाकाखाली किंवा हातातल्या अँगल ग्राइंडरच्या चकतीखाली धारेची पातळ कड क्षणार्धात तापते. सुमारे २३० अंश सेल्सिअसला पोलाद गव्हाळ पिवळे दिसते आणि ३०० च्या आसपास निळे. निळे झालेले पोलाद मऊ पडलेले असते. त्याला कितीही सुंदर धार लावली तरी सागाच्या दोन फळ्यांत ती उतरते. सागात निसर्गतःच सिलिका असते, त्यामुळे सागवान हे धारेचे वैरीच आहे, आणि मऊ पाते तर त्याच्यापुढे टिकतच नाही. म्हणून पात्याचा उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू, नव्याने काढायचा झाल्यास चाकाला हलका स्पर्श द्यावा, शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे, पाते उघड्या बोटांनी धरावे आणि बोटाला चटका बसण्यापूर्वी पाण्यात बुडवावे. भंगारातल्या पात्याची कड आधीच निळी असेल तर तेवढा भाग घासून मागे यावे. पुढचे पोलाद बहुधा चांगले निघते.

रंधा दुरुस्त करण्याच्या कामात सर्वांत सावकाश चालणारे काम तळ सपाट करण्याचे आहे. जुन्या रंध्याचा तळ लांबीच्या मधोमध किंवा तोंडाशी झिजलेला असतो. तो पाहण्यासाठी स्टीलची सरळ पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघावे. गॅरेजमधले फिलर गेज मिळाले तर पट्टीखाली किती फट आहे तेही नेमके कळते. सपाट पृष्ठभाग म्हणून काचेच्या दुकानातला दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचा उरलेला तुकडा उत्तम. ओट्याचा कडप्पा सपाट वाटतो, पण त्यावर भरवसा ठेवण्याआधी तोही पट्टी लावून तपासावा. काचेवर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा, तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढाव्यात आणि रंधा मागेपुढे घासावा. रेघा जिथे पुसल्या जातात तो भाग उंच, जिथे राहतात तो खोल. या वेळी पाते, दाबपट्टी व मुठी सगळे बसवलेले असावे, फक्त पाते आत ओढून घ्यावे; कारण दाबपट्टी आवळली की बिडाच्या अंगाला बारीकसा बाक येतो आणि रिकामे अंग सपाट करून ठेवले तर जोडल्यावर तो सपाटपणा राहत नाही. संपूर्ण तळ आरशासारखा करण्याची गरज नाही. पुढचे टोक, तोंडाच्या लगतची पुढची पट्टी आणि मागचे टोक हे तीन भाग एका पातळीत आले की रंधा नीट चालतो, मध्ये कुठे खोलगट राहिले तरी चालते. हौशी मंडळी इथे दिवस घालवतात आणि पात्याकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते क्रम उलटा असावा.

पात्याला दोन बाजू असतात आणि लोक एकीलाच धार लावतात. पात्याची सपाट पाठ धारेपासून आत बोटभर रुंदीपर्यंत अगदी गुळगुळीत झाल्याशिवाय खरी धार येत नाही, कारण धार म्हणजे या दोन पृष्ठभागांची भेट. गंजाने पाठीवर पडलेले खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील तर प्रत्येक खड्डा फळीवर एक उंच रेघ सोडतो. ते खड्डे संपेपर्यंत पाठ घासावी किंवा धार तितकी मागे आणावी. उतार पंचवीस अंशांचा ठेवून टोकाशी किंचित जास्त, तीस अंशांच्या आसपास धार लावावी. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आणि त्यानंतर गाड्या रंगवणाऱ्यांकडे मिळणारा हजार व दोन हजार नंबरचा वॉटर पेपर काचेवर पसरून वापरला तर महागड्या जपानी दगडांची गरज पडत नाही. दगडावर घासताना पाठीवर उलटणारी पोलादाची बारीक कोर बोटाला लागली पाहिजे. ती लागत नाही तोवर धारेपर्यंत पोहोचलोच नाही असे समजावे. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिशची वडी घासून दोन्ही बाजू ओढाव्यात.

पात्यावरची दुसरी पट्टी हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. ती धारेच्या मागे पात्याशी अशी टेकली पाहिजे की दोहोंमधून उजेड दिसू नये. फट असली की छिलका तिच्यात अडकतो, तोंड बंद पडते आणि माणूस रंध्याला दोष देतो. जाड काप घ्यायचा असेल तेव्हा पट्टी धारेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागे ठेवावी, आणि गाठीजवळचे, उलटसुलट रेषांचे लाकूड उपटत असेल तर ती अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जवळ आणावी. सागाच्या जुन्या दारांच्या चौकटी रंधताना हा फरक लगेच दिसतो.

तेलाबद्दल एक सूचना. घरात हाताशी असते म्हणून शेंगदाण्याचे किंवा जवसाचे तेल लोखंडाला लावण्याची पद्धत आहे. ही तेले वाळून चिकट होतात, त्यावर भुसा बसतो आणि चाक फिरेनासे होते. शिलाई मशीनचे पातळ तेल लावावे. जवसाचे तेल लाकडी मुठींना मात्र उत्तम.

आता कोणी विचारील की विजेचा रंधा असताना हे सारे कशासाठी. विजेचा रंधा जाडी उतरवण्याचे काम निर्विवादपणे लवकर करतो आणि ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याने तो वापरू नये असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच्या फिरत्या पात्यांच्या लहरी फळीवर उमटतात आणि त्या घालवण्यासाठी मग तासन्‌तास पॉलिश पेपर घासावा लागतो. त्यातून उडणारी लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात जाते; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. हाताच्या रंध्यातून छिलके निघतात, धूळ जवळपास नाही, आणि पृष्ठभाग थेट पॉलिशला तयार होतो. शिवाय गावोगावचे जुने वाडे पाडले जात असताना त्यांतील सागाच्या तुळया आणि दारे बाजारात येत आहेत. ते लाकूड आज विकत घेऊ म्हटले तर मिळणार नाही अशा प्रतीचे आहे. खिळे काढून घेतल्यावर त्याच्यावर हाताचा रंधा सावधपणे चालवता येतो. राहिलेल्या एखाद्या खिळ्यावर आदळले तर हाताच्या रंध्याच्या पात्याला खाच पडते, विजेच्या रंध्याच्या वेगात तुकडा उडून इजा होऊ शकते.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. केंद्र सरकारच्या १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण दररोज पाचशे रुपये विद्यावेतनासह दिले जाते आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. त्या प्रशिक्षणातला एक दिवस जुन्या हत्यारांच्या दुरुस्तीला आणि धार लावण्याला द्यावा. घरात आजोबांचा रंधा असलेल्या कारागिराला तो चालू करून मिळाला तर मिळालेली रक्कम दुसऱ्या हत्याराकडे वळवता येईल. दुसरी मागणी खान्देशातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे. त्यांच्या सुतारकाम विभागात नव्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या महिन्यात नवा रंधा देण्याऐवजी भंगारातला एक गंजलेला रंधा द्यावा आणि तो स्वतः खोलून, साफ करून, धार लावून चालू करणे हाच त्याचा पहिला पाठ ठेवावा. रंध्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे असे शिकलेल्या मुलाला तोंडी सांगावे लागत नाही, आणि साठ-सत्तर वर्षे टिकलेले बीड आणखी तितकीच वर्षे कामात राहते.

ज्या घरांना पेटी ठेवायला जागा उरलेली नाही त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या अशा संस्थेला किंवा गावातल्या काम करणाऱ्या सुताराला विचारावे. देताना पाते, वरची पट्टी, दाबपट्टी आणि बोल्ट एका फडक्यात त्याच रंध्याबरोबर बांधून द्यावेत. हे भाग सुटे झाले आणि हरवले की उरलेले अंग खरोखरच भंगार होते.

आपला नम्र,
एक निवृत्त सुतारकाम शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव